क्लेपची परीक्षा झाली!

आज इथे न्यू जर्सीत मानवी वाढ आणि विकास या विषयाची क्लेप परीक्षा (ही पास झाली की तो विषय कॉलेजात न शिकताच त्याचं क्रेडिट मिळू शकतं) दिली. ९० मिनिटांत साधारण ९० प्रश्न, आणि संपल्या संपल्या गुण स्क्रीनवर. बहुतेक कॉलेजांना ५० लागतात, माझे त्याच्या वर आले! म्हणजे वर्गात न बसता पदवीसाठी धरली जाणारी ३ क्रेडिट. नोकरी, घर सांभाळून शिकणाऱ्या आयांसाठी ही सोय फार मोलाची आहे, फी वाचते ती वेगळीच. फक्त आपलं कॉलेज हे क्रेडिट धरतं का, ते आधी विचारून घ्या.

अभ्यासात पियाजे सगळ्यात आवडला, मुलं विचार कसा करतात हे अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ. तो सांगतो, तेवढंच दूध उंच ग्लासात ओतलं की लहान मुलाला ते जास्त वाटतं. काल लेकीसमोर ओतून पाहिलं, तिने लगेच उंच ग्लास ओढून घेतला! एरिक्सन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेले माणसाच्या वाढीचे ८ टप्पे मात्र घोकावेच लागले.