‘द लॅम्ब’, तालीम सहावी: काळी चार सापडली

संगीतकार जॉन टॅव्हनरच्या ‘द लॅम्ब’ या समूहगीतात माझी काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) उतरते, म्हणजे सुराच्या खाली जाते, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. काल ती पहिल्यांदा जागेवर लागली. हिंदुस्थानी गाण्यातून कॉयरकडे, म्हणजे पाश्चात्त्य समूहगायनाकडे आलेल्या ऑल्टोंना (खालच्या स्त्री-आवाजांना) हीच अडचण येणार, म्हणून सविस्तर लिहिते.

नव्यांसाठी: कविता विल्यम ब्लेकची, १७८९ च्या ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’मधली. टॅव्हनरने ती १९८२ मध्ये कुटुंबातल्या एका मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसासाठी स्वरबद्ध केली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ती गायली गेली. साथ नाही, ठरलेला ताल नाही. शब्द नेतील तसं जायचं.

पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी) सा धरला तर सोप्रानोंची (वरच्या स्त्री-आवाजांची) सुरुवात सा, ग, रे, मंद्र (खालच्या सप्तकातला) नी, सा. दुसऱ्या ओळीत त्यांच्याबरोबर आम्ही उलटं गातो, त्या जितक्या वर तितक्या आम्ही खाली: सा, मंद्र कोमल ध, कोमल नी, कोमल रे, सा. त्या कोमल रेवर आम्ही चक्क सोप्रानोंच्या वर असतो. सोप्रानो काळी तीनवर, आम्ही काळी चारवर, मधला सा रिकामा. माझा कोमल रे तोडी रागात मुरलेला, ‘सा’ला चिकटून बसणारा. इथे तो जरा जरी खाली आला की ती जागा मातीमोल.

परवा पेटीवर सा बदलून पाहिला. पांढरी चार सा! आमचीच ओळ झाली रे, मंद्र नी, सा, ग, रे. अहो, हा तर भीमपलास राग! इतकी वर्षं घोटलेला तो कोमल गंधार आपसूक लागला, आणि तीच माझी काळी चार. आंदोलन मात्र द्यायचं नाही, स्वर सरळ ठेवायचा.

‘गेव्ह दी क्लोदिंग ऑफ डिलाइट’ला सात स्वर सलग येतात. काळी चारवरून थेट पांढरी सात, म्हणजे सा परत पांढरी पाचवर आणून भैरव रागातली रे-ग उडी. सा बदलायची ती जागा अजून कच्ची आहे. स्वरलिपीत तिथे पेन्सिलने बाण काढलाय. पुढची ओळ म्हणजे तेच सात स्वर शेवटाकडून.

ते सात स्वर वहीत मांडले: सा, दोन रे, एक ग, कोमल ध, दोन नी. मध्यम नाही, पंचमही नाही. आपल्याकडे म आणि प दोन्ही वर्ज्य करून (गाळून) राग होत नाही. कान इतके दिवस कशाला चाचपडत होता ते तेव्हा कळलं. आणि म्हणूनच त्यानंतर ‘लिटल लॅम्ब, हू मेड दी’ चारही आवाजांत ई मायनर या पाश्चात्त्य स्वरमालेत येतं, तेव्हा पाठीवरून कुणी हात फिरवल्यासारखं वाटतं. काल तिथे माझा आवाज भरून आला.

दुसऱ्या कडव्यात बास (खालचे पुरुष-आवाज) आमचीच ओळ खालच्या सप्तकात गातात. त्यांच्यातला एक पेटी वाजवतो. पुढच्या तालमीला अर्धा तास आधी बोलावलंय त्याला, भीमपलास ऐकवायला.