रिटायरमेंट, लाकडी जहाज आणि मुंबईची ट्रिंकोमाली

लाकडी जहाजाचं मॉडेल बघायला आलेला माणूस आधी डोलकाठ्या बघतो, मग दोऱ्या, मग तोफा, आणि शेवटी म्हणतो बापरे केवढं बारीक काम आहे. खालच्या बॉडीकडे, म्हणजे हलकडे, फारसं कोणी बघत नाही. मला मात्र रिटायर होऊन हा छंद धरल्यापासून पक्कं वाटायला लागलंय की जहाज म्हणजे हल, बाकी सगळं त्याच्या जिवावर उभं असतं. साठीनंतर कोणी हे करायचा विचार करत असेल तर त्याला मी पहिली गोष्ट हीच सांगेन, की शिडांचं नंतर बघू, आधी फळ्या बसवायला शिका.

मी बँकेतला माणूस, सगळं आयुष्य काउंटर आणि लेजर आणि नंतर कॉम्प्युटर. रिटायरमेंटच्या आधी सगळे विचारतात ना, आता पुढे काय, तेव्हा मी जहाज असं उत्तर द्यायचो आणि लोकांना वाटायचं क्रूझवर जाणार. पण हे डोक्यात बसलं होतं ते एका खऱ्या जहाजामुळे, त्याचं नाव एचएमएस ट्रिंकोमाली, आणि ते मुंबईत बांधलेलं आहे.

ही गोष्ट मुंबईतल्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली, त्यातलीच ही एक फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली मलबारच्या सागवानात बांधलेली. 12 ऑक्टोबर 1817 ला ती पाण्यात उतरली आणि आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतेय! पोर्ट्समथची व्हिक्टरी ही युद्धनौका वयाने मोठी आहे पण ती कोरड्या गोदीत ठेवलीय, त्यामुळे पाण्यावर असलेली सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका कुठली तर ही आपल्या मुंबईची. ज्या बॉम्बे डॉकवर हे सगळं काम चालायचं तो आज लायन गेटच्या आत नेव्हल डॉकयार्डमध्ये आहे, फोर्टात नोकरी करताना मी त्या गेटवरून रोज जायचो.

आणि तिच्या ड्रॉइंगची कथा तर आणखी भारी आहे. हे नकाशे इंग्लंडहून मुंबईला यायला निघाले ते एचएमएस जावा या जहाजावरून, त्याच जहाजावर मुंबईत बांधत असलेल्या कॉर्नवॉलिस या दुसऱ्या जहाजासाठी तांब्याचे पत्रेपण होते. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने जावाला गाठलं, हरवलं, आणि जावाची इतकी मोडतोड झाली होती की शेवटी ती जाळून टाकावी लागली. नकाशे गेले. मग परत नवीन नकाशे पाठवले, त्यात काही वर्षं गेली, आणि 1816 ला एकदाचं काम सुरू झालं. म्हणजे बघा, ज्या जहाजामुळे नकाशे बुडाले ती कॉन्स्टिट्यूशन आजही बॉस्टनला पाण्यावर आहे आणि ज्या जहाजाचे ते नकाशे होते ती ट्रिंकोमालीपण आहे. दोघी लाकडी, दोघी जिवंत.

इंग्रजांना मुंबईत बांधायची गरज का पडली तर नेपोलियनच्या लढायांमुळे तिकडे ओकचं लाकूड पुरेना, आणि सागवानाचा फायदा असा की त्यात तेल असतं, ते सहज कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे ओकमधल्यासारखे आंबटपणाने खाल्ले जात नाहीत.

आता मॉडेलकडे येतो. ट्रिंकोमालीचा गन डेक साधारण दीडशे फूट लांब आणि रुंदी चाळीस फुटांच्या आसपास. 1:64 या स्केलला नुसता हलच सत्तर-बहात्तर सेंटीमीटर होतो, पुढची तिरकी काठी आणि बाकीचं धरलं तर मीटरच्या पुढे जातो, आणि साडेपाच फुटी खलाशी सव्वीस मिलिमीटरचा! त्यामुळे कृपा करून कोणीही पहिलंच मॉडेल फ्रिगेटचं घेऊ नका. एका डोलकाठीची छोटी होडी घ्या, मासेमारीची बोट घ्या. बिलिंग बोट्स, अमाती, आर्टेसानिया लॅटिना, ऑकरे अशा कंपन्यांची छोटी किट्स मिळतात, बाहेरून मागवायची तर कस्टम ड्यूटी आणि कुरियर धरूनच हिशोब करा, छोटं किट काही हजारांत बसतं, मोठ्या फ्रिगेटचं सहज पन्नास हजारांच्या पुढे जातं. छोट्या होडीतपण कील म्हणजे तळाचा कणा, फ्रेमा म्हणजे बरगड्या, फळ्या, डेक, डोलकाठी सगळं असतं, फक्त तोफा नसतात, आणि तोफा तशाही तयार ओतलेल्या येतात, त्यात शिकण्यासारखं फार नाही.

किटमध्ये साधारण असं असतं की मधोमध एक उभी प्लायची पट्टी, तिला खाचा, आणि त्या खाचांत आडव्या फ्रेमा बसतात. इथे घाई करायची नाही. पुढे नाळेकडे आणि मागे सुकाणूकडे जहाज निमुळतं होत जातं, त्यामुळे तिथल्या फ्रेमांची कड सरळ ठेवली तर फळी फक्त एका कोपऱ्यावर टेकते, म्हणून ती कड तिरकी घासून घ्यायची. मी काय करतो, एक लांब पातळ पट्टी घेतो, दोन्ही हातांनी ती फ्रेमांवर पुढून मागे अशी आडवी धरतो आणि ट्यूबलाइटकडे तोंड करून बघतो. जिथे पट्टीखालून उजेड येतो तिथे शेजारची फ्रेम उंच आहे, तिला पॉलिश पेपर. जिथे पट्टीला टेंगूळ येतं तिथेपण पॉलिश पेपर. परत पट्टी. परत पेपर. फार घासलं गेलं तर त्या कडेवर पातळ पट्टी चिकटवून परत घासता येतं. हे फेअरिंगचं काम संपता संपत नाही आणि जहाज पूर्ण झाल्यावर यातलं काहीही दिसत नाही, पण हे नीट झालं नाही तर वरची प्रत्येक फळी लाटेसारखी वरखाली होते आणि कितीही पॉलिश करा ते लपत नाही. नोकरी करत असतो तर मला हे कधीच जमलं नसतं असं मी म्हणतो ते याचसाठी, संध्याकाळी दमून येऊन अर्धा तास मिळाला तर माणूस पुढचं काहीतरी चिकटवायला बघतो. आता सकाळी चहा झाला की बसतो आणि एक फ्रेम मनासारखी झाली की दिवस सत्कारणी लागला असं वाटतं.

मग फळ्या. पहिला थर लाइमवुडच्या दीड मिलिमीटरच्या पट्ट्यांचा, त्यावर दुसरा अगदी पातळ अक्रोडाचा. यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या की जहाजाचं पोट मध्ये मोठं आणि टोकांना लहान, पण फळ्यांची संख्या तर सगळीकडे तीच, मग टोकाला प्रत्येक फळी अरुंद करावी लागते. मधल्या फ्रेमवर कागदाची पट्टी ठेवून घेर मोजायचा, फळीच्या रुंदीने भागायचं, मग पुढच्या प्रत्येक फ्रेमचा घेर तेवढ्याच संख्येने भागायचा, म्हणजे तिथली रुंदी मिळते. निम्म्यापेक्षा जास्त अरुंद करावी लागत असेल तर तिथे एक फळी कमी करतात. एक फळी डावीकडे बसवली की एक उजवीकडे, नाहीतर सुकताना सगळा सांगाडाच पिळवटतो. फळी वाकवायला आधी पाण्यात भिजवायची, मग गरम इस्त्रीच्या कडेवर हळूहळू वाकवायची, कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची आणि सुकू द्यायची. चिकटवायला साधा फेविकॉल बेस्ट. फेवीक्विक घाईच्या जागीच, आणि ते वापरताना खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते.

वसईला पाचूबंदरकडे गेलो होतो तेव्हा एक म्हातारे मिस्त्री बोटीची दुरुस्ती करत होते, मी बराच वेळ नुसता उभा राहून बघत होतो. त्यांनी नवीन फळी तात्पुरती अडकवली, मग पार टोकाला जाऊन खाली वाकले आणि एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून नजर लावली. मी विचारलं, "काका, मोजायचं नाही का?" तर म्हणाले, "मोजलं कवाच. आता ती बघायची कशी धावते." फळी धावते! घरी आल्यावर मी माझ्या वीतभर पट्टीवरून तशीच एक डोळा मिटून नजर लावली आणि जी खोच मोजपट्टीला दिसत नव्हती ती झटकन दिसली. तेव्हापासून प्रत्येक फळीला ही टेस्ट आहे.

लाकडाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण मला आधी वाटत होतं ट्रिंकोमाली सागवानाची तर मॉडेलपण सागवानाचंच करायचं. पण सागाच्या रेषा मोठ्या आणि ठसठशीत, जहाज चौसष्टपट लहान केलं तरी त्या रेषा काही लहान होत नाहीत, मग फळी फळीसारखी दिसतच नाही. म्हणून बारीक पोताचं लाकूड हवं. तिकडचे लोक पेअरवुड, बॉक्सवुड वापरतात, आपल्याकडे हेद मिळाला तर सोनं समजा, पिवळसर, घट्ट, धार छान घेतो. शिवणसुद्धा चांगलं. ओळखीचा फर्निचरवाला असेल तर त्याच्याकडे विनियरच्या कातरणांची गोणी पडलेली असते, त्यात फार कामाचे तुकडे निघतात.

डेकच्या पट्ट्यांच्या कडेला मऊ पेन्सिल फिरवून मग चिकटवायच्या, म्हणजे दोन फळ्यांमधली ती काळी रेघ येते जिथे खऱ्या जहाजात दोर ठासून वर डांबर ओतत. खरी फळी चोवीस फुटांची धरली तर आपली साडेअकरा सेंटीमीटर, त्यापेक्षा लांब सलग पट्टी टाकायची नाही. हे कोणी तपासायला येत नाही पण डोळ्याला कळतं.

दोऱ्यांचं काम, म्हणजे रिगिंग, यात आमच्या हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिचं क्रोशाचं काम आयुष्यभराचं, पहिल्यांदा मी शिडीच्या आडव्या दोऱ्या बांधत होतो तेव्हा शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ओढू नका एवढं, उभ्या दोऱ्या आत येतायत बघा." खरंच येत होत्या. खलाशी ज्यावरून वर चढायचे त्या या आडव्या दोऱ्या, खऱ्या जहाजावर साधारण सव्वा फुटावर एक, आपल्या स्केलला सहा मिलिमीटरवर, आणि प्रत्येक उभ्या दोरीला एक क्लोव्ह हिच. तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला अशा गाठी हजाराच्या पुढे जातात. आता आम्ही मागे सहा-सहा मिलिमीटरच्या रेघा मारलेला कागद लावून बसतो, दोरा आधी मधमाशीच्या मेणावरून ओढून घेतो म्हणजे त्याची लव बसते, आणि दुपारच्या गप्पा तिथेच होतात. स्थिर दोऱ्या काळपट, ज्या ओढायच्या-सोडायच्या त्या फिक्या, हा रंगांचा नियम तिनेच मला दहा वेळा आठवण करून दिलाय.

अख्खी फ्रिगेट करायला जागा नसेल, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मीटरभर जहाज आणि वर काचेची पेटी कुठे ठेवणार, तर एक फार सुंदर वाट आहे. जहाजाचा फक्त मधला काप करायचा. किटमध्ये असतात त्या थोड्या फ्रेमा म्हणजे आजची सोय आहे, खऱ्या जहाजाच्या बरगड्या एकमेकींना जवळजवळ खेटून असायच्या आणि एकेक बरगडी अनेक वाकड्या तुकड्यांची जोडलेली. मधल्या कापात ते सगळं करता येतं, खाली दगडी-लोखंडी भार, पिंपं, वर राहायचा डेक, त्याच्यावर तोफांचा डेक, एकेका बाजूला एक-दोन तोफा, आणि सगळं उघडं दिसतं. मी सध्या हेच करतोय. वाडियांच्या कारागिरांनी काय केलं असेल ते मला वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं एक बरगडी सात तुकड्यांतून जुळवताना कळलं, कारण प्रत्येक जोड शेजारच्या बरगडीच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही, नाहीतर सगळा कमकुवतपणा एका रेषेत येतो.

यानंतर मला मराठा आरमारातली गुराब, म्हणजे त्यांचं मोठं लढाऊ जहाज, करायचीय. अडचण अशी की ट्रिंकोमालीसारखे मोजमापांचे नकाशे हाताशी नाहीत, आधार घ्यायचा तो अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांचा. त्यात दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीनची तीनशेच्या आसपास, लांबीच्या मानाने फार रुंद, पाण्यात कमी बुडणारी, आणि पुढे नेहमीच्या गोल नाळेऐवजी लांब पुढे आलेली चोच, जिच्यावरून समोर तोफा डागायच्या. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांचं. म्हणजे मोजमापं मलाच मांडायची आहेत, आणि ती लाकडात कापण्याआधी पुठ्ठ्यात कापून बघणार आहे. रुंद आणि उथळ हल असताना ती चोच किती तिरकी ठेवली की पहिली फळी नाळेपर्यंत सरळ धावेल, हे पुठ्ठ्यावरच आधी ठरवायचंय. मोठ्या पुठ्ठ्याचे दोन बॉक्स जपून ठेवलेत, हिला सांगून ठेवलंय की ते रद्दीत देऊ नकोस.