मोरीतलं पाणी आटलं तेव्हा

इटलीच्या डोलोमाइट डोंगरांतल्या कोर्तिना दाम्पेत्सो गावाचं बस स्थानक म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन. रूळ केव्हाच उखडलेत, पण इमारत लपत नाही. आमच्या ग्रुपमधल्या काकांनी सायकल भिंतीला टेकवून तिला एक प्रदक्षिणा घातली आणि येऊन मला विचारलं, "गेज काय होतं गो?"

मी सायकल सहली नेते. पुण्या-मुंबईची मंडळी, वय साधारण पन्नासच्या पुढचं, आणि वाट शक्यतो अशी की जिच्यावर मोटार येत नाही. लोक मला दमछाक, पंक्चर आणि शाकाहारी जेवणाबद्दल विचारतात. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, विचारणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. नशिबाने उत्तर माहीत होतं: ९५० मिलिमीटर. "म्हणजे मीटर गेजला पाच सेंटिमीटर कमी," काका म्हणाले. "कशाला असले उद्योग!"

काका चिपळूणचे. कोकण रेल्वेत रुळांच्या देखभालीवर उभी नोकरी झालेली, निवृत्तीनंतर सायकल हातात घेतलेली. ग्रुपमध्ये सगळ्यात सावकाश चालवणारे तेच. शेवटी कोण राहणार, असं मी पहिल्याच सकाळी विचारलं तेव्हा त्यांनी आपण होऊन हात वर केला होता. पुढे आमची स्थानिक गाइड, दोब्बियाकोकडचीच एक तरुण मुलगी. मध्ये मी. मागे काका.

त्या दिवसाचा टप्पा कोर्तिना ते दोब्बियाको, तीस-एक किलोमीटर. ही सगळी वाट जुन्या डोलोमाइट रेल्वेची. पहिल्या महायुद्धात इथून आघाडी गेली होती. एका बाजूने ऑस्ट्रियाच्या आणि दुसऱ्या बाजूने इटलीच्या सैन्याने रसद नेण्यासाठी आपापले रूळ टाकत आणले. युद्ध संपल्यावर ते जोडले गेले आणि १९२१मध्ये कालाल्झोपासून दोब्बियाकोपर्यंत सलग गाडी धावू लागली. १९५६च्या हिवाळी ऑलिंपिकला हिनेच प्रेक्षक आणले. पुढे रस्त्यावरच्या मोटारी वाढल्या, १९६४पर्यंत गाडी बंद झाली आणि रुळांखालची जमीन सायकलवाल्यांना मिळाली. हिवाळ्यात इथेच स्की घालून लोक चालतात.

कोर्तिना साधारण १२२० मीटरवर आणि वाटेतला सर्वांत उंच बिंदू, चिमाबांके खिंड, १५३० मीटरवर. तीनशे मीटरचा चढ चौदा-पंधरा किलोमीटरमध्ये वाटून दिलेला. काकांनी चालवता चालवताच हिशेब केला: "पन्नासला एक. इंजिनाला झेपतो तो गुडघ्याला झेपतो." भोर घाटात सदतिसाला एक आहे, हेही त्यांनी लगेच सांगून टाकलं. डोंगरातल्या सायकल सहलीला घाबरणाऱ्यांना मी आता हेच वाक्य ऐकवते.

सुरुवातीला जंगलच जंगल. स्प्रूस, लार्च, पायाखाली दाबून बसवलेली बारीक खडी, मग दिवे लावलेले बोगदे आणि फेलिझोनच्या घळीवरचा पूल. आपल्या लोकांची एक गंमत इथे दिसते. पुण्यात चालवून चालवून प्रत्येकाचा एक कान मागे लागलेला असतो. इथे मागून काहीच येणार नाही हे सांगूनही पहिले काही तास माना वळत राहतात. मग कधीतरी खांदे सैल पडतात, दोघं-तिघं शेजारी-शेजारी येऊन गप्पा मारत चालवायला लागतात, आणि माझं काम अवघड होतं. निर्धास्त माणसं आवरायला जड. वाहनं नाहीत याचा अर्थ धोका नाही असा लोक घेतात. माझ्या मते मोटारींच्या रस्त्यावर धोका निदान एकाच दिशेने येतो.

मधूनमधून उतारावर तपकिरी, वाळलेल्या स्प्रूसचे पट्टे दिसत होते. ऑक्टोबर २०१८च्या वाया वादळाने या डोंगरांतली लाखो झाडं आडवी केली आणि पडलेल्या लाकडात वाढलेल्या सालकिड्याने नंतर उभी झाडंही घेतली. गाइड हे सांगत होती तेव्हा बाकीचे फोटोत होते. काकांनी मात्र विचारलं, "मग उतार धरून कोण ठेवतं?"

खिंडीनंतर उतरण. लांद्रोच्या तळ्यापाशी आलो तेव्हा दीड वाजला असेल. उथळ, हिरवट-निळं तळं आणि दक्षिणेला क्रिस्तालोचा हिमनदीवाला माथा. तिथून थोडं पुढे झाडांच्या फटीतून त्रे चिमेचे तीन सुळके दिसतात. आम्ही ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त रेंगाळलो. जुलैच्या दुपारी इथे ढग चढतात हे मला ठाऊक होतं, गाइडला तर होतंच. पहिल्या गडगडाटाला तिने पुढची फळी घेऊन कूच केलं. दोब्बियाकोचं तळं सात-आठ किलोमीटरवर, तिथे उपाहारगृह आहे, तिथे भेटायचं. चेन उतरलेली एक सायकल दुरुस्त करून मी उरलेल्या सहा जणांना घेऊन निघाले.

एखाद किलोमीटर गेलो असू. पाऊस असा की चष्मेवाल्यांनी चष्मे खिशात घातले. मग पुढून काकांची शिट्टी. चेन दुरुस्त होईपर्यंत ते आपले सावकाश पुढे निघाले होते. त्यांच्या गळ्यात खरोखरीची शिट्टी होती, नोकरीतली.

त्यांच्यापाशी पोचले. तिथे वाट एका दगडी मोरीवरून जात होती. वरच्या कड्याकडून पांढऱ्या दगडगोट्यांची एक रुंद कोरडी नळी उतरून त्या मोरीत शिरत होती. काका सायकलवरून उतरून कठड्यापाशी वाकले होते.

"काका, चला ना, विजा होतायत. झाडाखाली थांबायला नको."

"थांब गो. पाणी बघ."

मोरीत पाणी नव्हतंच जवळजवळ. चिखलाची एक धार.

"मी आलो तेव्हा भरून वाहत होतं. राखाडी. आता आटलं. आणि पाऊस वाढलाय." त्यांनी वर बोट दाखवलं. "वर कुठेतरी अडलंय. सुटेल तेव्हा एकदम सुटेल."

हिंजवडीतल्या आमच्या एका तरुण मेंबरचं म्हणणं पडलं की मोरी दहा फुटांची, दोन सेकंदांत पार होऊ. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यापुढे प्रश्न सरळ होता. पुढची फळी पुढे, मी मागे, डोक्यावर विजा, आणि परत फिरायचं तर तळ्यासमोरचं हॉटेल हाच जवळचा निवारा. मी सगळ्यांना सायकली वळवायला लावल्या.

दोनशे-तीनशे मीटर मागे आलो असू तेव्हा तो आवाज आला. गडगडाट वरून येतो, हा जमिनीतून आला. दगडावर दगड घासल्याचा, खडीचा डंपर रिकामा करताना येतो तसा, फक्त तो थांबेना. आम्हाला तिथून काही दिसलं नाही. हॉटेलच्या दारात पोचल्यावर मी आधी गाइडला फोन लावला. सगळे तळ्यापाशी सुखरूप, गरम सूप पितायत. मग ११२ला फोन करून जागा सांगितली. दोन भाषांच्या या खोऱ्यात माझं मोडकं जर्मन आणि त्याहून मोडकं इटालियन मिसळून.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच. डोलोमाइटचा खडक कडक दिसतो, पण थंडीने आणि उन्हाने तडकत राहतो. कड्यांच्या पायथ्याशी त्याच्या चुऱ्याचे पंखे साचलेले असतात. कडा पाणी मुरू देत नाही. जोराची सर आली की सगळं पाणी एकाच नळीत उतरतं, चुरा उचलतं, आणि ओल्या काँक्रीटसारखा लगदा खाली येतो. हे मी वाचलेलं होतं, प्रशिक्षणात ऐकलेलंही होतं. पाणी कमी होणं हीच सूचना, हे काकांकडून कळलं.

त्यांना ते कुठून कळलं, हे त्यांनी कॉफी पिता पिता सांगितलं. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर दगड आले, गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. "त्यानंतर पावसाळ्यात आम्ही झोपलोच नाही." घाटाच्या कटिंगमध्ये रात्रभर गस्त, हातात बत्ती, कान वर. दगड दिसण्याआधी मोऱ्या बोलतात, असं तिथले जुने गँगमन सांगायचे. कुठली मोरी किती भरते हे पाठ असायचं. भरायला हवी ती भरली नाही की पुढे जायचं नाही, आधी गाडी थांबवायची.

हिंजवडीवाला गप्प बसून ऐकत होता. नंतर त्यानेच काकांचे ओले बूट हीटरपाशी नेऊन ठेवले.

सहाच्या सुमारास अग्निशमन दलाचे स्वयंसेवक आले. इथे गावोगावी असं दल असतं, सुतार, शेतकरी, हॉटेलवाले हाकेला धावून येणारे. त्यांच्या फोनवर फोटो होता. मोरी दिसतच नव्हती, तिच्यावर पुरुषभर राखाडी ढीग, त्यात एक लार्च मुळांसकट. शेजारच्या महामार्गावरही थोडा मलबा होता, तो उपसायला यंत्र लागलं होतं. रस्ता मोकळा झाला की आमची सामानाची गाडी येऊन सायकली नेणार होती.

त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, तुम्ही थांबलात कसे? मी काकांकडे बोट केलं. काका उठून उभे राहिले आणि रेल्वेच्या इंग्रजीत म्हणाले, "वॉटर लेस, डेंजर मोअर." गृहस्थांना एवढं पुरलं. त्यांनी मान हलवली आणि बिअर मागवली. काका पीत नाहीत, म्हणून सफरचंदाचा रस आला.

मग काकांनी माझ्यामार्फत चौकशी सुरू केली. रात्री या वाटेवर गस्त कोण घालतं? कोणीच नाही, उत्तर आलं. गाडी धावत नाही, पाऊस मोठा असेल तर फीत लावून वाट बंद करतो. मोरीची सफाई वर्षातून किती वेळा? वसंतात एकदा, आणि असं काही झालं की. वर कड्याकडे माणूस कोण पाठवतं? गृहस्थ हसले, खांदे उडवले.

काकांना हे अजिबात पटलं नाही. रात्री दोब्बियाकोच्या हॉटेलात जेवताना त्यांनी कागदी रुमालावर मोरीचा नकाशा काढला, वरच्या बाजूला दगड अडवायला जाळी कुठे हवी ते दाखवलं, आणि सकाळी ऑस्ट्रियातल्या लिएंझकडे निघायच्या आधी हा कागद कुणाला द्यायचा, असं मला तीनदा विचारलं. शेवटी आमच्या गाइडने तो घेतला. तिचा मामा त्याच दलात होता.