पांढरं आलं की झालं

मागच्या सहलीत गाडीच्या डिकीत प्रोपेनचे सहा डबे होते आणि तरी शेवटच्या सकाळी पाणी तापवायला गॅस नव्हता. सहाही डबे वापरून फेकायचे, सहाही वापरलेले. हलवून बघावं तर आत काहीतरी डुचमळल्यासारखं वाटायचं, शेगडीला लावलं की दोन मिनिटांत ज्योत बसायची. परत आल्यावर ते टाकायचे कुठे, हा वेगळाच ताप. थोडासा गॅस उरलेला दाबाचा डबा कचऱ्यात टाकणं धोक्याचं आणि भंगारातही कोणी घेईना.

म्हणून या वेळी पुन्हा भरता येणारे दोन छोटे सिलिंडर घेतले. आकार तोच, आत मावणारा गॅस तेवढाच, ४६५ ग्रॅम. आटेही तेच, त्यामुळे जुन्या दोन बर्नरच्या शेगडीच्या रेग्युलेटरवर सहज बसले. फरक वजनात. पत्रा जाड असल्यामुळे रिकामाच ९४० ग्रॅमचा, हातात घेतला की पाठपिशवीचा विचार सोडूनच द्यावा. हे गाडीने जाणाऱ्यांचं काम.

वाटेत भरून घ्यायला थांबलो. भरणाऱ्या माणसाने आधी सिलिंडर उलटसुलट करून चाचणीची तारीख वाचली, काट्यावर ठेवला, शिक्क्यातल्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहिला. मग नळी जोडली आणि झडपेच्या बाजूचा चिमुकला स्क्रू अर्धा फेरा सैल केला. बारीक फुस्स सुरू झालं. दिसत काहीच नव्हतं.

‘कळतं कसं भरल्याचं?’ मी विचारलं.

‘पांढरं आलं की झालं,’ तो म्हणाला. मान वर केली नाही.

त्या स्क्रूपासून आत एक बारीक नळी उतरलेली असते, बरोबर ऐंशी टक्क्यांच्या पातळीपर्यंत. तोवर नुसती वाफ येते. द्रव तिथवर चढला की बाहेर पडताच त्याचं पांढरं धुकं होतं. तसं ते झालं, त्याने लगेच स्क्रू आवळला आणि पुन्हा वजन केलं: १४०५. वरची वीस टक्के जागा मुद्दाम मोकळी, कारण ऊन लागलं की द्रव प्रोपेन चांगलाच फुगतो. तो फुगायला जागा नसेल तर सुरक्षा झडप उडते, तीही गाडीत.

मित्राने विचारलं, मग ते फेकायचे डबेच का नाही भरायचे? त्यांची झडप आणि पत्रा एकदाच वापरायच्या बेताने केलेले असतात. अमेरिकेत असा पुन्हा भरलेला डबा वाहून नेण्यावर बंदी आहे आणि तसा इशारा डब्यावरच छापतात. कॅलिफोर्नियाने तर २०२२ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२८ पासून या फेकाऊ डब्यांची विक्रीच बंद करायचं ठरवलं आहे.

मुक्काम तळ्याकाठी, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर. संध्याकाळी पोचलो तेव्हा वारा नुसता भणभणत होता. मी आल्या आल्या पातेल्याआधी वजनकाटा काढला, त्यावर बरोबरचे दोघंही हसले. लिटरभर पाणी उकळून सिलिंडर पुन्हा ठेवला: १३७४. म्हणजे ३१ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी शेगडी गाडीच्या आडोशाला नेली, पातेल्यावर झाकण घातलं, तेवढ्याच पाण्याला १७ ग्रॅम लागले. जवळजवळ निम्मा गॅस वारा आणि उघडं पातेलं खात होतं. या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकळी लवकर येते. शिजायला मात्र वेळ लागतो आणि खरा गॅस तिथे जातो.

दुसरी सकाळ उणे सहा. मित्राने हौसेने आणलेल्या शेगडीत ब्युटेनचा डबा होता. ती पेटेचना. ब्युटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला उकळतो, उंचीवर त्याहून थोडा खाली, पण एवढ्या थंडीत त्याला शेगडी पेटण्यापुरता दाब उरत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळतो. मित्र आपला डबा पोटाशी धरून बसला आणि आम्ही पाणी ठेवलं.

पण गंमत आमच्याही सिलिंडरची झाली. दोन्ही बर्नर मोठे ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या अंगावर हिमाची पांढरी साय धरली. द्रवाची वाफ होताना ती उष्णता द्रवातूनच ओढून घेते, तो गार पडतो, दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. सिलिंडर बिघडला असं वाटून मी तो काढायच्या बेतात होतो. नीट पाहिलं तर ती साय खालच्या भागावरच होती, वर कोरडा पत्रा, मध्ये सरळ रेघ. आत द्रव जिथवर होता तिथवरच. काट्यावर ठेवला: ११८०. म्हणजे २४० ग्रॅम शिल्लक, निम्म्याहून जरा जास्त. रेघ खरं बोलत होती. एक बर्नर बंद केला, सिलिंडर कोमट पाण्याच्या टोपात उभा केला, ज्योत सावरली. कोमटच, शेगडीजवळ सरकवून गरम करायची कल्पना मित्राची होती, ती मी हाणून पाडली. तंबूत शेगडी पेटवायचीही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.

प्रोपेनला मुद्दाम घातलेला वास असतो, तो तिसऱ्या रात्री आला. सिलिंडर शेगडीवरून काढून बाहेर ठेवलेला, तरी सडक्या कांद्यासारखा दर्प. टॉर्च घेऊन गेलो, सिलिंडरच्या तोंडावर साबणाचं पाणी सोडलं. मिनिटभर काही नाही. मग मोहरीएवढा एकच बुडबुडा फुगत गेला, फुटला, त्याच जागी दुसरा. झडपेत वाळूचा कण अडकला होता. शेगडी परत लावून-काढून पाहिली, मग पितळी टोपण घट्ट बसवलं, बुडबुडा थांबला. ते टोपण विकत घेताना मला उगाचचा खर्च वाटला होता. प्रोपेन हवेहून दीडपट जड, खड्ड्यात साचतो, म्हणून रात्री सिलिंडर उंचवट्यावर, उभा. गाडीतही उभाच, म्हणजे सुरक्षा झडप द्रवात बुडत नाही.

शेवटच्या सकाळी दुसरा सिलिंडर काट्यावर ९५८ भरला. अठरा ग्रॅम.

‘लिटरला सतरा लागतात, तूच म्हणालास. उकळणार,’ मित्र म्हणाला. मी नाही म्हणालो. भांडी कोण घासणार यावर पैज लागली.

झाकण घातलं. बराच वेळ निळी ज्योत ताठ होती, मग पिवळसर झाली, फडफडली, बसली. झाकण उचललं तर तळाला बारीक बुडबुडे चिकटलेले आणि कडेने वाफ. काट्यावर ९४४. राहिलेले चार ग्रॅम आत नुसत्या वाफेने होते, रेग्युलेटरपार ढकलायला दाब नाही. मागच्या सहलीत सहा डब्यांतही एवढंच उरलं असणार, डुचमळणं हा नुसता भास.

पाणी भांडी घासण्यापुरतं गरम होतं. मित्राने घासली, मी रिकाम्या सिलिंडरवर टोपण आवळलं.