कुळ नसलेल्या भाषांचे वर्गीकरण : माझा अनुभव

ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे. त्या मानाने नौपाड्यातील आमचे वाचनालय अगदी लहान असून तेथे दाखल होतात त्या मुख्यतः कथा-कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके. त्यामुळे पाचपाखाडीतील एका दिवंगत अभियंत्यांच्या कुटुंबाने त्यांचा भाषाविषयक संग्रह आम्हाला भेट दिला, तेव्हा खोकी उघडून पाहिल्यावर ग्रंथपाल बाईंनी तो माझ्याकडे सोपवला. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी पूर्वी केलेला आहे आणि निवृत्तीनंतर तेथे विनावेतन काम करते. खोक्यांत एस्पेरांतोची व्याकरणे व नियतकालिके, वोलाप्यूकविषयीची पुस्तके, 'स्टार ट्रेक' चित्रपटांसाठी रचलेल्या क्लिंगॉनचा शब्दकोश, लोजबानचे व्याकरण, तोकी पोनाचे छोटेखानी पुस्तक आणि बऱ्याच झेरॉक्स प्रती होत्या. म्हणजे कोणीतरी बसून जाणीवपूर्वक रचलेल्या भाषांचा तो संग्रह होता.

आमच्या वाचनालयात पुस्तकांना विषयवार अंक देणारी ड्युईची दशांश पद्धत वापरली जाते. तीत भाषा कुळांनुसार लावलेल्या आहेत. मराठीचा वर्गांक ४९१.४६ आहे आणि त्यातल्या ४९१ वरूनच ही भाषा इंडो-युरोपीय कुळातली आहे हे कळते. कृत्रिम भाषांना कुळच नाही, म्हणून त्या सगळ्या भाषावर्गाच्या अगदी टोकाला, ४९९.९९ मध्ये कोंबल्या आहेत. त्यांतल्या एस्पेरांतोला ४९९.९९२ आणि इंटरलिंग्वाला ४९९.९९३ असे स्वतंत्र अंक मिळाले आहेत. "अहो, मग अडचण काय? सगळ्यांवर ४९९.९९ टाका आणि मोकळ्या व्हा," असे आमचे कार्यवाह म्हणाले. कपाटापुरते ते बरोबरच होते आणि पुस्तकांच्या कण्यांवर मी तोच अंक लिहिला. मात्र वाचकाला उद्या केवळ चित्रपटांसाठी रचलेल्या भाषा हव्या असतील, तर त्या अंकावरून त्याला काहीही सापडणार नाही. म्हणून तालिकेत, म्हणजे वाचनालयातील पुस्तकांच्या नोंदसूचीत, अधिक तपशील देणे भाग होते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण या आपल्या पद्धतीत विषयाचे पैलू सुटे करून मांडण्याची जी रीत घालून दिली, तिचा आधार घेऊन प्रत्येक भाषेचे पैलू वेगवेगळे नोंदवायचे मी ठरवले.

पहिला पैलू घडणीच्या सामग्रीचा. लुई कुतुरा व लेओपोल्द लो यांनी १९०३ साली सार्वत्रिक भाषांचा जो इतिहास लिहिला, त्यात त्यांनी भाषांचे तीन गट केले होते : कोणत्याही प्रचलित भाषेचा आधार न घेता रचलेल्या, प्रचलित भाषांतून घेतलेल्या, आणि मिश्र. एस्पेरांतो दुसऱ्या गटात निःशंकपणे बसते. वोलाप्यूक मिश्र गटातली, कारण बाडेनमधील कॅथलिक धर्मगुरू श्लायर यांनी तिचे पुष्कळ शब्द इंग्रजीवरून घेतले खरे, पण ते इतके कापले-वळवले की मूळ ओळखू येऊ नये. पहिल्या गटात फ्रेंच संगीतज्ञ सुद्र यांची सोलरेसोल येते. तिचे सगळे शब्द संगीताच्या सात स्वरांपासून बनतात.

त्याच गटातील इंग्रज धर्मगुरू जॉन विल्किन्स यांच्या १६६८ सालच्या भाषा-योजनेवरील टिपणांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. विल्किन्स यांनी जगातील सर्व वस्तू व कल्पना चाळीस वर्गांत विभागल्या, प्रत्येक वर्गाला दोन अक्षरे दिली, त्याच्या पोटभेदासाठी एक व्यंजन व त्याखालील जातीसाठी एक स्वर जोडला. 'दे' म्हणजे महाभूत, 'देब' म्हणजे अग्नी आणि 'देबा' म्हणजे ज्वाला. शब्द उच्चारला की त्या वस्तूचे जागतिक तालिकेतील स्थान कळावे, असा हा बेत होता. ४९, ४९१, ४९१.४, ४९१.४६ असे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत मराठीपर्यंत पोहोचणारा ड्युईचा वर्गांक यापेक्षा फारसा वेगळा नाही. फरक इतकाच की आपण वर्गांक बोलून दाखवत नाही. जगाविषयीचे ज्ञान बदलले की विल्किन्सचे शब्दही बदलावे लागणार, हा त्यातला मूळ दोष ग्रंथालयात काम करणाऱ्या कोणालाही चटकन उमगेल, कारण ड्युईच्या सुधारित आवृत्त्या याच कारणाने निघत असतात.

सामग्रीवरून सगळा उलगडा होत नाही, हे लोजबानच्या वेळी स्पष्ट झाले. तिचे धातू चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या भाषांतील शब्दांना वजन देऊन संगणकाने जुळवलेले आहेत. तरीही त्यांत हिंदी शोधायला गेल्यास फारसे हाती लागत नाही. म्हणून दुसरा पैलू हेतूचा घेतला. क्लाउदिओ न्योली यांनी सुचवलेल्या त्रिकोणाची तीन टोके अशी : संपर्कासाठी, कलेसाठी आणि एखादी कल्पना पारखण्यासाठी रचलेली भाषा. भाषा या टोकांच्या मधेही कोठेतरी असू शकते, ही या मांडणीची मोठी सोय आहे. सुझेट हेडन एल्जिन यांची १९८२ मधील लादान स्त्रियांचे अनुभव नीट मांडण्यासाठी रचलेली आहे. ती कल्पना पारखणारी असूनही एल्जिन यांच्याच कादंबरीशी जोडलेली असल्याने कलेच्या बाजूलाही झुकते. सुमारे १२० मूळ शब्दांवर चालणारी तोकी पोना सोन्या लँग यांनी २००१ साली मांडली, ती साधेपणाचा शोध म्हणून. आज मात्र लोक तिच्यातून एकमेकांशी गप्पा मारतात.

यावरूनच माझे मत बनले की निर्मात्याच्या हेतूपेक्षा वापराला अधिक महत्त्व द्यावे. डेटलेव्ह ब्लांके यांनी १९८५ साली नेमके हेच केले : कागदावरच राहिलेले प्रकल्प, काही प्रमाणात वापरात आलेल्या अर्धनियोजित भाषा आणि खऱ्या अर्थाने जिवंत झालेल्या नियोजित भाषा अशी त्यांनी विभागणी केली. अलेक्झांडर दुलिचेन्को यांच्या १९९० च्या सूचीत नऊशेहून अधिक प्रकल्प आहेत आणि त्यांतले बहुतेक पहिल्याच पायरीवर थांबलेले आहेत. नेत्रवैद्य झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सात प्रसिद्ध केलेली एस्पेरांतो शेवटच्या पायरीवर पोहोचली, हे त्या खोक्यांतील नियतकालिकांच्या ढिगावरूनही दिसत होते. म्हणून तालिकेत सामग्री, हेतू आणि वापर या तिन्ही नोंदी केल्या. त्यांत शोधायला अधिक उपयोगी नोंद तिसरी, असे मला वाटते.

संगणकात नोंद करताना वेगळाच पेच आला. ग्रंथांच्या संगणकीय नोंदींसाठीच्या मार्क नमुन्यातील ००८ क्षेत्रात भाषेचा तीन अक्षरी संकेत द्यावा लागतो. एस्पेरांतो, वोलाप्यूक, इंटरलिंग्वा, लोजबान, इतकेच काय क्लिंगॉनलाही त्या यादीत स्वतःचा संकेत आहे. तोकी पोनाला मात्र नाही. तिचा संकेत, टी-ओ-के, २०२२ साली मंजूर झाला तो आयएसओ ६३९-३ या भाषासंकेतांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय यादीत. तेव्हा ००८ मध्ये कृत्रिम भाषांचा सामायिक संकेत ए-आर-टी दिला आणि ०४१ क्षेत्रात दुसरा निर्देशक ७ (म्हणजे संकेत दुसऱ्या यादीतला आहे) ठेवून, संकेताचा स्रोत सांगून, टी-ओ-के लिहिले. ज्या भाषांना कोठेच संकेत नाही त्यांच्यासाठी क्यू-ए-ए ते क्यू-टी-झेड हे ५२० संकेत स्थानिक वापरासाठी राखीव आहेत. पण ते दुसऱ्या ग्रंथालयाला निरर्थक ठरतात, म्हणून मी ते टाळले आणि ५४६ क्षेत्रातील टिपेत भाषेचे नाव सरळ लिहिले.

अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "ताई, मग जावासुद्धा यातच ठेवणार का?" माणसांच्या परस्पर संवादासाठी रचलेली असणे आणि तिच्यात काही साहित्य असणे, या आयएसओच्या अटींमुळे संगणकीय भाषा बाहेर राहतात आणि ड्युईतही त्या ००५.१३ मध्ये जातात, एवढे सांगितल्यावर त्याचे समाधान झाले.

अनुवादांचा निकाल लवकर लागला. टागोरांच्या कथांचा एस्पेरांतो अनुवाद बंगाली साहित्याच्या ८९१.४४ मध्येच ठेवला, कारण साहित्याचा वर्ग मूळ भाषेवरून ठरतो. मुळात एस्पेरांतोत लिहिलेल्या कविता ८९९.९९२ मध्ये गेल्या.

शेवटी महानुभाव पंथाच्या सकळ लिपीवरील झेरॉक्स लेख उरले. संग्राहकांनी ते सोलरेसोलच्या टिपणांबरोबर बांधून ठेवले होते, तेव्हा त्यांना त्यात काही साम्य दिसले असावे. परंतु सकळ लिपीत अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हे येतात. वाक्य, व्याकरण आणि शब्द मराठीच राहतात. बोटांच्या खुणांनी बोलली जाणारी करपल्लवीही अशीच. गुप्तता हा हेतू असला तरी भाषा नवी नाही, म्हणून ते लेख ४९१.४६ खाली दाखल केले, आणि संग्राहकांनी बांधलेला जोड वाचकाला दिसावा यासाठी दोन्ही नोंदींत एकमेकींचा 'हेही पाहा' निर्देश दिला.