तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या झाडाला लॅटिन नावच का?

सह्याद्रीत नवी वनस्पती सापडल्याची बातमी छापून आली की हा प्रश्न ठरलेला: लॅटिन तर कधीच मेली, मग नावं अजून तिच्यातच का?

आधी नाव आणि वर्णन यांची फारकत करू. नव्या जातीचं लॅटिन वर्णन छापण्याची सक्ती १९०५ साली व्हिएन्नात भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसनं १९०८ पासून लावली होती. ती सगळ्यांनी जुमानली नाही, म्हणून पुढे १९३५ ही तारीख ठरली. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन लॅटिन किंवा इंग्रजी, कुठल्याही एका भाषेत चालतं. नाव मात्र आजही लॅटिन व्याकरणानंच चालतं, मग मूळ शब्द ग्रीक असो की मराठी.

त्यासाठी अख्खी भाषा शिकावी लागत नाही. लिंग आणि षष्ठी पक्की हवी. विशेषण प्रजातीच्या, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाच्या, लिंगाप्रमाणे बदलतं: मुळा राफॅनस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, लसूण अ‍ॅलियम सटायव्हम. अर्थ तिन्हीकडे एकच, लागवडीचा. कोकणावरून ठेवलेली दोन नावं पाहा: सेरोपेजिया कंकानेन्सिस आणि इरिओकॉलॉन कोंकणेन्से. सेरोपेजिया, म्हणजे आपली कंदीलपुष्पं, स्त्रीलिंगी, इरिओकॉलॉन नपुंसकलिंगी, म्हणून शेवट वेगळे. घोटाळा होतो तो वृक्षांपाशी. फायकस दिसायला पुल्लिंगी, पण लॅटिनमध्ये वृक्ष बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा. याच तर्कानं फणसाला जावं तर फसाल. आर्टोकार्पस पुल्लिंगीच, म्हणून पुढे हेटेरोफायलस.

माणसाच्या नावावरून ठेवायचं तर त्याचं रोमन लिपीतलं शेवटचं अक्षर बघायचं. पुरुषाचं नाव व्यंजनान्त असेल तर दोन आय (ii), स्त्रीचं असेल तर आय-ए-ई (iae). स्वरान्त किंवा ‘ईआर’नं (er) संपणाऱ्या पुरुषनावाला एकच आय: वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांच्यावरून महाबळेइ. अपवाद ‘ए’चा (a): नाव त्यानं संपत असेल तर नुसता ई (e) लागतो, माणूस पुरुष असला तरी. सेरोपेजिया रोली हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रोला राव यांच्यावरून आलं. लिहिताना शेवट ए-ई (ae) असा दिसतो आणि नवखे ते बाईचं नाव समजतात.

शेवट चुकला तर फार बिघडत नाही. पुढचा लेखक तो दुरुस्त करतो. मूळ कर्ता आणि साल तेच राहतं. सक्तीच्या काळात लॅटिन वर्णनच राहून गेलं असेल तर मात्र नाव अवैध. ते नियमानुसार पुन्हा प्रसिद्ध करावं लागतं, आणि अग्रक्रम नव्या तारखेपासून मोजतात. मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्याच वनस्पतीला रीतसर नाव दिलं असेल, तर त्याचंच टिकतं.

वर्णन म्हणजे पानभर निबंध नव्हे. वेगळेपण सांगणाऱ्या दोन ओळी पुरतात. साचा असा: ‘सेरोपेजिए लॉइई अफिनिस, सेद फोलिइस ग्लाब्रिस दिफेर्त’. म्हणजे सेरोपेजिया लॉइई या जातीच्या जवळची, पण बिनलवेच्या पानांनी वेगळी. ‘फोलिइस ग्लाब्रिस’ला आपली तृतीया लावून वाचा, संस्कृत झालेल्याला ते लगेच उमगतं. अशा लॅटिनमध्ये क्रियापदं जवळजवळ नसतातच. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो वाचणाऱ्यांना ते रखरखीत वाटतं, पण हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, कामाला तेवढं भागतं.

सक्ती उठली तरी जुनी वर्णनं वाचायला लॅटिन लागतंच. नवी म्हणून हाती आलेली वनस्पती आधीच कुणी नोंदवली नाही ना, हे तपासायला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापर्यंत मागे जावं लागतं. केरळच्या वनस्पतींवरचा ‘होर्टस मलबारिकस’ही (१६७८ ते १६९३, १२ खंड) लॅटिनच. त्याचा पुरा इंग्रजी अनुवाद के. एस. मणिलाल यांनी केला, तोही एकविसाव्या शतकात प्रसिद्ध झाला.