डॅन्यूबच्या काठाने जर्दाळूच्या नावामागे

व्हिएन्नाहून क्रेम्सला आणि तिथून डॅन्यूबच्या काठाने जाणाऱ्या छोट्या रेल्वेने श्पित्झला पोहोचलो, तेव्हा जुलै महिना होता आणि वाखाऊ खोऱ्यातील जर्दाळूची झाडे फळांनी लगडली होती. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पाट्या होत्या ‘मारिले’ या नावाच्या. जर्मनीत याच फळाला ‘आप्रिकोझे’ म्हणतात. इथल्या एका खानावळीत बी काढून तिच्या जागी साखरेचा खडा घातलेले अख्खे जर्दाळू बटाट्याच्या पिठात गुंडाळून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवून वाढतात. तो गरम गोळा फोडला की आंबटगोड रस ताटभर पसरतो.

एकाच भाषेत ही दोन नावे आली कशी? रोमन लोक या फळाला आर्मेनियाचे मानत, म्हणून ते ‘आर्मेनियाका’; ‘मारिले’ त्याच कुळातले, आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या ‘प्रूनुस आर्मेनियाका’ या शास्त्रीय नावातही तीच समजूत टिकून आहे, जरी हे झाड मूळचे आर्मेनियाच्या बरेच पूर्वेकडचे, मध्य आशिया आणि चीनकडचे. दुसऱ्या नावाचा प्रवास मला अधिक विलक्षण वाटतो. पीचच्या आधी पिकते म्हणून लॅटिनमध्ये त्याला ‘लवकर पिकणारे’ अशा अर्थाने ‘प्राइकोकिया’ही म्हणत. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य दिओस्कोरिदीसने हा रोमन शब्द नोंदवला आहे. ग्रीकांकडून तो अरबांकडे जाऊन ‘अल-बर्कूक’ झाला, अरबांबरोबर स्पेनला पोहोचून ‘अल्बारिकोके’ झाला, पुढे फ्रेंचमध्ये ‘आब्रिको’ आणि जर्मनमध्ये ‘आप्रिकोझे’. इटलीत तर तो ‘अल्बिकोक्का’ होऊन परतला, म्हणजे आपल्याच जन्मभूमीत अरबी ‘अल’ अंगावर घेऊन!

नदीबरोबर खाली उतरत बुडापेस्टच्या बाजारात आलो, तर तिथे ‘शार्गॉबॉरॉत्स्क’. ‘शार्गॉ’ म्हणजे पिवळे. ‘बॉरॉत्स्क’ हा स्लाव्ह भाषांमार्फत आलेला, पर्शियाच्या नावावरून पडलेला शब्द. पीचला हंगेरियन लोक ‘शरदातले बॉरॉत्स्क’ म्हणतात. हे ऐकताना आपला ‘जर्दाळू’ आठवल्यावाचून राहिला नाही, कारण फारसीत ‘जर्द’ म्हणजेही पिवळाच.

बेलग्रेडला पोहोचेपर्यंत लॅटिनचा माग पूर्णपणे सुटला. तिथल्या टोपल्यांवर ‘काय्सिया’ लिहिले होते आणि हा शब्द थेट तुर्की ‘कायसी’वरून, उस्मानी राजवटीतून आलेला आहे.